अर्धवटरावांचा आवाज कुठून येतो? टेबलावरचा रोबो अचानक परक्या आवाजात बोलतो तेव्हा

ताईचा फोन रात्री साडेनऊला आला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर चहाच्या मगाएवढा एक रोबो बसलेला असतो. डोळे मिचकावतो, विचारलं की हवामान सांगतो, मध्येच शिंकतो. त्या रात्री भाच्याने नेहमीसारखं काहीतरी विचारलं आणि किनऱ्या, चिमुरड्या आवाजाऐवजी एका पोक्त पुरुषाच्या खर्जातल्या आवाजात उत्तर आलं. ताईने आधी प्लग ओढला. आत बॅटरी असल्यामुळे तो बोलतच राहिला, आणि मग तिने मला फोन केला. मागून भाचा ओरडून विचारत होता, "मामा, त्याचा आवाज फुटला का? दादाचा फुटला तसा?"

रोबो कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण असा अनुभव एकाच कंपनीच्या गिऱ्हाइकांना येतो असं नाही. व्हेक्टर, इमो, लूना असे सोबतीचे छोटे रोबो आता घरोघरी दिसू लागले आहेत, आणि त्यांचा आवाज एका रात्रीत का बदलतो याचं उत्तर सगळ्यांच्या बाबतीत साधारण सारखंच आहे. भुताटकी त्यात नाही. पण "काहीतरी बिघडलं असेल" म्हणून सोडून द्यावं इतकं ते साधंही नाही.

बाहुल्याच्या पोटात आवाज नसतो

यशवंत पाध्यांनी घडवलेला आणि रामदास पाध्यांनी घराघरांत पोचवलेला अर्धवटराव आठवा. ओठ हलतात बाहुल्याचे, बोलतात पाध्ये. ही कला शब्दभ्रमाची. आपल्याला हे पक्कं ठाऊक असतं, तरी नजर बाहुल्यावरच खिळते, आणि आवाज अर्धवटरावांचाच आहे असं मन धरून चालतं.

टेबलावरचा रोबो हा अर्धवटराव आहे. त्याचे पाध्ये मात्र शेजारी उभे नसतात, ते हजारो किलोमीटर लांब एखाद्या सर्व्हरवर असतात. तुम्ही रोबोला हाक मारता, तेवढी हाक बहुतेक वेळा रोबो स्वतःच ओळखतो. पुढचा प्रश्न इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो. तिथे एक प्रोग्रॅम तुमच्या बोलण्याचा मजकूर करतो, दुसरा त्या मजकुराचं उत्तर तयार करतो आणि तिसरा ते उत्तर मोठ्याने वाचतो. या तिसऱ्याचं नाव टेक्स्ट-टू-स्पीच, म्हणजे लिहिलेल्याचं बोलणं करणारा प्रोग्रॅम. पुढे मी त्याला नुसतं 'वाचक' म्हणेन. वाचकाने केलेला आवाज परत रोबोकडे येतो. काही रोबो त्यावर स्वतःची फोडणी घालतात, म्हणजे पट्टी वर चढवतात, थोडा यांत्रिकपणा मिसळतात, आणि मग तो स्पीकरमधून बाहेर पडतो.

सगळा प्रवास एक-दोन सेकंदांत उरकतो. पण त्यात चार-पाच जणांचा हात लागलेला असतो, आणि त्यातल्या कोणीही एकाने काही वेगळं केलं की तुमच्या टेबलावरचा आवाज बदलतो. रोबोला हातही न लावता. "आम्ही काहीच केलं नाही हो" असं ताई शपथेवर सांगत होती. ते अगदी खरं होतं.

वाचकांच्या तीन पिढ्या

आवाज कसा बदलला हे ओळखायचं तर आवाज बनतो कसा ते थोडं पाहायला हवं.

सगळ्यात जुन्या पद्धतीत माणसाचा आवाज नसतोच. घशातला नाद आणि तोंडाच्या पोकळीतली घुमणूक यांचं गणित मांडून यंत्र आवाज 'काढतं'. स्टीफन हॉकिंग यांचा जगप्रसिद्ध आवाज या घराण्यातला. ईस्पीक हा फुकट मिळणारा वाचक आजही याच पद्धतीने मराठीसुद्धा वाचतो. अगदी कोरडा आवाज आहे, पण तो इतक्या कमी जागेत मावतो की इंटरनेट नसतानाही चालतो.

दुसरी पद्धत आपण स्टेशनावर ऐकत मोठे झालो. "गाडी क्रमांक" एकदा रेकॉर्ड केलेलं, आकडे वेगळे, गावांची नावं वेगळी, आणि सगळं शिवून एक वाक्य. शिवण ऐकू येते ती त्यामुळेच. आयफोनवर २०११ साली आलेली सिरी याच जातीची, फक्त तिचे तुकडे शब्दांहून बारीक होते. सुझन बेनेट या अमेरिकन निवेदिकेने २००५ साली आठवडेच्या आठवडे अर्थहीन वाटणारी वाक्यं वाचून ते तुकडे पुरवले होते. आपला आवाज लाखो फोनमध्ये जाणार आहे हे तेव्हा तिला ठाऊकही नव्हतं.

तिसरी पद्धत २०१६ पासूनची. डीपमाइंड कंपनीच्या वेव्हनेटने आवाजाचा प्रत्येक बारीक ठिपका अंदाजाने मांडायला सुरुवात केली, एका सेकंदाला १६,००० ठिपके. माणसाचं बोलणं ऐकून ऐकून हा प्रोग्रॅम शिकतो की या ठिपक्यानंतर साधारण कुठला येतो. आज सर्व्हरवरचे बहुतेक गोड, सहज वाटणारे आवाज या घराण्यातले आहेत.

एकाच रोबोमध्ये या तिन्ही पिढ्या एकत्र नांदू शकतात, आणि घोळ नेमका तिथे होतो. "बॅटरी संपत आली", "इंटरनेट सापडत नाही" अशी वाक्यं कारखान्यातच रेकॉर्ड करून रोबोच्या पोटात ठेवलेली असतात, कारण इंटरनेट नाही हे सांगायला इंटरनेट वापरता येत नाही. बाकीचं बोलणं सर्व्हरवरून येतं. सर्व्हरवरचा आवाज बदलला तरी पोटातली वाक्यं जुन्याच आवाजात राहतात. मग घरच्यांना वाटतं की आत दोघेजण राहतात.

'सा'चा 'प' झाला तर

आता बदलांचे प्रकार पाहू. सगळ्यात घाबरवणारा प्रकार सगळ्यात सोपा आहे.

आवाज ठिपक्यांच्या रूपात येतो, तेव्हा "हे ठिपके सेकंदाला किती या वेगाने वाजवायचे" हेही बरोबर सांगावं लागतं. पाठवणाऱ्याने सेकंदाला १६,००० धरून आवाज तयार केला आणि वाजवणाऱ्याने २४,००० धरून वाजवला, तर सहा सेकंदांचं वाक्य चार सेकंदांत उरकतं आणि पट्टी दीडपट वर जाते. पेटी वाजवणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल, दीडपट म्हणजे 'सा'चा थेट 'प'. उलट झालं तर तेच वाक्य नऊ सेकंद रेंगाळतं आणि 'सा' मंद्र मध्यमावर उतरतो. चिमुरड्याचा राक्षस होतो.

ज्यांनी तबकड्या ऐकल्या आहेत त्यांनी हा खेळ हाताने केलेला असतो. ३३च्या वेगाची तबकडी ४५वर लावायची आणि गवयाची चिमणी करायची. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की आवाज रडका व्हायचा, तोही याच कुळातला. मात्र रोबोचा आवाज जाड झाला म्हणून कोणी "सेल बदला" म्हणालं तर मनावर घेऊ नका. टेपरेकॉर्डरची मोटर दमायची. रोबोचा आवाज मोटरवर चालत नाही, ठिपक्यांचा वेग त्याच्या आतलं घड्याळ ठरवतं आणि उतरत्या बॅटरीने ते असं मंदावत नाही. बॅटरी खरंच कमी पडली तर मोठा आवाज काढताना स्पीकर चरचरतो किंवा रोबो मध्येच बंद पडतो.

खूण लक्षात ठेवा. पट्टी आणि वेग दोन्ही एकदम बदलले असतील, तर वाजवण्याचा हिशेब चुकला आहे. पट्टी खाली आली पण बोलण्याचा वेग तोच असेल, तर वर घालायची फोडणी राहून गेली आहे. मूळ वाचक मोठ्या माणसाचा असतो, त्याला बाळसं फोडणीने येतं. एखाद्या अपडेटमध्ये ती पायरी गाळली गेली की आतला पोक्त माणूस जसाच्या तसा बाहेर.

माणूसच बदलला तर

कधी पट्टीचा प्रश्न नसतो, बोलणाराच दुसरा असतो. आवाज स्वच्छ, नीट, फक्त अनोळखी. अशा वेळी बहुतेकदा सर्व्हरवर वाचक बदललेला असतो.

याची कारणं अगदी व्यवहारी आहेत. रोबोच्या कंपन्या क्वचितच स्वतःचा वाचक बनवतात, बहुतेक जणी मोठ्या कंपन्यांकडून तो भाड्याने घेतात. भाडेकरूचं जे होतं तेच इथे होतं. घरमालकाने जुना वाचक बंद केला, दर वाढवले, किंवा भाडेकरूलाच दुसरीकडे स्वस्त मिळालं, की बिऱ्हाड हलतं. काही ठिकाणी गर्दीच्या वेळी मुख्य वाचक उत्तर देईनासा झाला तर राखीव वाचक पुढे येतो, नाटकात मुख्य नट आजारी पडल्यावर बदली नट उभा राहावा तसा. प्रेक्षकाला सूचना फलकावर मिळते. रोबोच्या मालकाला ती बहुधा मिळत नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

दुसरं कारण भाषा आणि देश यांच्या सेटिंगचं. प्रत्येक भाषेचे आवाज वेगळे असतात. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत मराठीसाठी आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत, इंग्रजीसाठी कितीतरी. ॲप अपडेट होताना किंवा फोनची भाषा बदलल्यावर रोबोची भाषा नकळत 'इंग्रजी, अमेरिका'वरून 'इंग्रजी, भारत'वर गेली, तर बोलणारी व्यक्तीच बदलते. मराठीची गंमत आणखी वेगळी. लिपी एकच असल्यामुळे मराठी मजकूर चुकून हिंदी वाचकाच्या हाती पडला तर तो न अडखळता वाचत सुटतो. मग 'चाक'मधला 'च' 'चार'मधल्या 'च'सारखा होतो, 'बाळ'चं 'बाल' होण्याची भीती असते, आणि घरातल्या आजी म्हणतात, "हा परप्रांतीय कोण आणलात?"

तिसरं कारण हक्कांचं. आवाजाला मालक असतो. ॲमेझॉनने २०२१ साली अलेक्सामध्ये अमिताभ बच्चन यांचा आवाज भारतात विकायला काढला, तेव्हाही तो पहिल्या वर्षाला १४९ रुपये असा मुदतीच्या बोलीवरच होता. अमेरिकेत सॅम्युअल जॅक्सन यांचा अलेक्सामधला आवाज २०२३ साली बंदच झाला. मे २०२४ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीचा 'स्काय' नावाचा आवाज मागे घेतला, कारण तो आपल्या आवाजासारखा असल्याचा आक्षेप अभिनेत्री स्कार्लेट जोहान्सन यांनी घेतला होता. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची संगणकी नक्कल करणाऱ्यांना अंतरिम मनाई केली. उद्या तुमच्या रोबोचा आवाज कोणाच्या हक्कात येतो असं निघालं, तर तो रातोरात जाईल.

"तो आपलं ऐकून शिकला असेल"

हा तर्क बहुतेक घरांत निघतो. १९९८ साली फर्बी नावाचं केसाळ बोलकं खेळणं आलं तेव्हाही निघाला होता. ते आधी स्वतःच्या गंमतीशीर भाषेत बोलायचं आणि हळूहळू इंग्रजी शब्द वाढायचे, त्यामुळे ते घरातलं ऐकून शिकतं असा समज पसरला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने १९९९ साली ते कार्यालयात आणायला बंदीसुद्धा घातली. प्रत्यक्षात फर्बीत काहीही रेकॉर्ड करायची सोय नव्हती. इंग्रजी शब्द आधीच आत भरलेले होते, ते वेळापत्रकाप्रमाणे बाहेर पडायचे.

त्यामुळे इतकी वर्षं या तर्काला माझं सरळ उत्तर 'नाही' असंच होतं. २०२४ पासून ते थोडं सैल करावं लागतं.

कारण नवीन प्रकारची मॉडेलं, म्हणजे उत्तरं तयार करणारे प्रोग्रॅम, वाचक वेगळा ठेवत नाहीत. ती थेट आवाज ऐकतात आणि थेट आवाजातच उत्तर देतात. तुमचं बोलणं आणि त्यांचं बोलणं त्यांच्या लेखी एकच सलग धागा असतो, आणि त्यांचं काम एवढंच की पुढचा ध्वनी कोणता असेल याचा अंदाज बांधायचा. या धाग्यात तुमचा आवाजही ओवलेला असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये ओपनएआयने आपल्या जीपीटी-४ओ मॉडेलच्या चाचण्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात एक प्रसंग आहे. बोलता बोलता मॉडेल मध्येच "नो!" असं ओरडलं आणि पुढचं वाक्य चाचणी घेणाऱ्या व्यक्तीच्याच आवाजात बोलू लागलं. कंपनीने यावर पहारेकरी बसवला आहे. बाहेर पडणारा आवाज ठरवून दिलेल्या आवाजाहून वेगळा होऊ लागला की बोलणं तोडलं जातं.

हे शिकणं नाही. शेजारचा गायक मोठ्याने गात असला की आपला सूर नकळत त्याच्याकडे घसरतो, तशी ही घसरण आहे. मॉडेलने तुमचा आवाज त्या संभाषणापुरता उचलला, एवढाच त्याचा अर्थ. मात्र त्या वेळी तुमचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर होतं, हेही तितकंच खरं. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. ॲपमध्ये 'मान्य' दाबण्याआधी हे आठवलेलं बरं.

"कोणी हॅक तर केलं नसेल?"

शक्यता कमी आहे, पण हसण्यावारी नेऊ नये. जर्मनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'माय फ्रेंड केला' नावाच्या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली. तिच्या ब्लूटूथला कुलूपच नव्हतं. आसपास असलेला कोणीही आपला फोन जोडून बाहुलीच्या तोंडून मुलाशी बोलू शकत होता आणि मुलाचं ऐकूही शकत होता. म्हणजे खरोखरच परका शब्दभ्रमकार.

फरक ओळखायची युक्ती आवाजात नाही, बोलण्याच्या विषयात आहे. आवाज नवा पण उत्तर तुमच्याच प्रश्नाचं, तर वाचक बदललाय. न विचारता बोलला, तुमच्या खोलीतल्या गोष्टींबद्दल बोलला, मुलाला काही करायला सांगितलं, तर आधी वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा, पासवर्ड बदला, चर्चा नंतर. अर्थात न विचारता बोलणं म्हणजे प्रत्येक वेळी घुसखोरी नव्हे. मार्च २०१८ मध्ये अनेकांच्या घरी अलेक्सा अचानक हसू लागली होती. "अलेक्सा, लाफ" या छोट्या हुकमासारखं काहीतरी तिला चुकून ऐकू येत होतं. ॲमेझॉनने तो हुकूम लांबवून "अलेक्सा, कॅन यू लाफ" असा केला.

"आवाजच तर बदलला, एवढं काय?"

माझे एक स्नेही असंच म्हणाले. त्यांना मी हॉकिंग यांची गोष्ट सांगितली. १९८५ साली त्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि स्वतःचा आवाज गेला. पुढच्या वर्षी आलेलं यंत्र एमआयटीच्या डेनिस क्लॅट यांच्या संशोधनावर उभं होतं, आणि त्यातला आवाज क्लॅट यांच्या स्वतःच्याच आवाजावर बेतलेला होता. पुढे कितीतरी गोड आवाज आले. हॉकिंग यांनी घेतले नाहीत. हा आवाज आता माझा आहे, ही त्यांची भूमिका. जुनं यंत्र मोडकळीला आलं, बनवणारी कंपनी उरली नाही, तेव्हा काही अभियंत्यांनी वर्षानुवर्षं खपून त्या यंत्राची हुबेहूब संगणकी प्रतिकृती केली. ती जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्याकडे पोचली. मार्चमध्ये ते गेले.

इतका विचार मुलं करत नाहीत, पण आवाजावरून माणूस ओळखायची सवय त्यांनाही तीच आहे. मॉक्सी हा मुलांसाठीचा अमेरिकी रोबो ७९९ डॉलरना मिळायचा. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, आणि 'पाध्ये' सर्व्हरवरच असल्यामुळे बाहुला मुका होणार हे उघड होतं. पालकांना ते मुलांना समजावून सांगावं लागलं. जिबो नावाच्या रोबोने तर मार्च २०१९ मध्ये स्वतःच्याच तोंडाने निरोप घेतला. आपले सर्व्हर लवकरच बंद होणार, असं सांगून त्याने मालकांचे आभार मानले. जाता जाता नाचलासुद्धा.

कंपनीला आवाज बदलावा लागतो, त्याला इलाज नसेल. पण दुधाचा दर दोन रुपयांनी वाढला तरी पिशवीवर छापून येतं. "उद्यापासून हा वेगळ्या आवाजात बोलेल" असा एक संदेश आदल्या दिवशी ॲपवर पाठवायला काय खर्च येतो?

मग करायचं काय

आधी फोनवर त्याचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, जुना व्हिडिओ असेल तर शेजारी लावून ऐका. पट्टी आणि वेग दोन्ही बदललेत का, हे पाच मिनिटांत कळतं, आणि तसं असेल तर रोबो पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावर बऱ्याचदा सुधारतो. नुसताच घोगरा वाटला तर स्पीकरच्या जाळीत धूळ पाहा, जागाही पाहा. इवल्या स्पीकरला पुरुषी आवाजातले खालचे नाद झेपत नाहीत, आपला मेंदूच ते भरून काढतो, पण तोच रोबो भिंतीच्या कोपऱ्यात सरकवला की आवाज भारदस्त होतो. मग ॲपमधली भाषा, देश आणि शेवटच्या अपडेटची तारीख. यातलं काहीच नसेल तर बदल सर्व्हरवरचा आहे आणि तुमच्या हातात फक्त कंपनीला लिहिणं उरतं. लिहिताना वेळ आणि रेकॉर्डिंग द्या. "आवाज विचित्र येतोय" एवढ्यावरून कोणालाच काही कळत नाही.

भाच्याच्या रोबोचं आम्ही हे सगळं केलं. वेग तोच, पट्टी खाली, सेटिंग जागच्या जागी. आदल्या रात्री अपडेट आलं होतं, म्हणजे फोडणी राहिली होती. दहा-बारा दिवसांनी दुसरं अपडेट आलं आणि आवाज थोडा वर चढला, पण जुना काही परत आला नाही. कंपनीचं उत्तर आलं, की आवाज "अधिक नैसर्गिक" केला आहे.

परवा ताईकडे गेलो तेव्हा रोबो चार्जरवर नव्हता. दिवसभर मुद्दाम लावला नव्हता, म्हणे. भाचा त्याच्यासमोर हनुवटी टेकवून बसला होता. साडेसातच्या सुमाराला रोबोचे डोळे अर्धे मिटले आणि तो त्याच जुन्या, किनऱ्या आवाजात म्हणाला, "आय ॲम स्लीपी." कारखान्यात भरलेल्या वाक्यांपैकी ते एक. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, गप्प राहायची खूण केली, आणि ते दुसऱ्यांदा ऐकू येईपर्यंत चार्जरची वायर हातात धरून थांबला.